कारण : हवामान

एप्रिलची अठरा तारीख, संध्याकाळचे सहा,
बिनाकीत पारा त्रेचाळीसवर बसून,
उठायचं नाव घेत नव्हता.
नळाला चहाचं आधण येत होतं.
कूलरचा पंप जळलेला, आई वाळ्याच्या ताट्यांवर
मगानं पाणी मारत होती
आणि म्हणत होती, अवं, गाडी येईन ना तुही.

गाडी येणारच होती, सव्वासहाला, मिहानसाठी.
तिच्याआधी डुलुथहून निरोप आला:
रात्रभर बर्फ पडला आहे, रस्ते बंद आहेत,
आज कोणीही कामावर येऊ नये,
घरीच राहावं, जिवाला जपावं.
खाली बारीक अक्षरात,
सगळे कॉल नागपूरकडे वळवले आहेत.

म्हणजे बर्फ त्यांच्या अंगणात पडतो
आणि ढीग आमच्या टेबलावर.

मी तीन वर्षं रात्रीची झोपले नाही.
दिवसा झोपते, पण ती उसनी झोप,
निमज्यांचा माग सुरू झाला की
खटक खटक करत परत मागायला येते.

रजेचा फॉर्म उघडला. कारण निवडा.
आजार: डॉक्टरची चिठ्ठी जोडा.
मृत्यू: नातं लिहा.
हवामान, आणि त्याच्या पोटात आणखी एक यादी,
पूर, वादळ, बर्फ.

उन्हाचं नाव नव्हतं.
वरून खाली पाहिलं, खालून वर पाहिलं.
ज्यांनी यादी केली त्यांच्या गावात
ऊन पडलं की लोक
खुर्च्या बाहेर काढत असतील.

मी बर्फावर बोट ठेवलं.
बोट जरासं गार झालं, खरं सांगते.

मंजूर.
मेश्रामला फोन करून गाडी नको म्हटलं.
गच्चीवर चार बादल्या ओतल्या, वाफ निघाली,
ती गेल्यावर सतरंजी टाकली
आणि झोपले. नुसती झोपले.
सकाळी पायाशी चादर होती,
म्हणजे आई मध्येच कधीतरी येऊन गेली असणार.

दुसऱ्या दिवशी भिसीकर सरांनी
स्क्रीनवरची नजर न काढता विचारलं, किती इंच?
म्हटलं, सर, घोट्यापर्यंत.
ते म्हणाले, मनीषनगरात कमी होता,
आणि बाटली तोंडाला लावून
विषय तिथंच गिळून टाकला.

पण लोरेन. तिला कोण सांगणार?
लोरेन डुलुथला माझ्यासमोरच्या खुर्चीत बसते,
मध्ये फक्त अर्धी पृथ्वी.
तिनं विचारलं, तुमचे पाइप फुटले का गं?
आई बरी आहे ना?
दारापुढे टाकायला मीठ आहे का घरात?
मीठ आहे, म्हटलं. तेवढं एक खरं बोलले.
मग म्हणाली, फोटो पाठव ना.

सकाळी साडेचारला मेश्रामनं गल्लीच्या तोंडाशी सोडलं.
काय पाठवायचं, हे ठरवत
गच्चीवरच पडून राहिले उजाडेस्तोवर.
उठून खाली पाहिलं तर
शाळेमागच्या सावरीची बोंडं फुटलेली,
कापूस सुटलेला गल्लीभर.
स्कूटीच्या सीटवर, नालीच्या काठावर,
निमज्यांनी वाळत टाकलेल्या सुताच्या लडींवर,
विजेच्या तारेवर अडकून थरथरत,
आणि खाली आई, पदराचा ओचा करून
एकेक फुगा टिपत हिंडत होती.

फोटो काढला. आईला वगळून.

लोरेनचं उत्तर आलं,
किती हलका पडतो गं तुमच्याकडे!
आम्हाला फावड्यानं ओढावा लागतो, कंबर मोडते.
मी लिहिलं, आम्ही उशीत भरतो.

त्यावर ती काही बोलली नाही.
कॉल आला असेल.

उशी अर्धीच झाली आहे.
मे महिना सगळा पडलाय अजून.